वाकडे राजे

आधीच सांगते, माझ्या वेलांट्यांकडे बघू नका. पहिली द्यायची तिथं दुसरी पडते, आणि दुसरी द्यायची तिथं मी चांगला विचार करून पहिली देते. अक्षर तर असं आहे की दुसऱ्या दिवशी माझं मलाच लागत नाही. शाळा चौथीपर्यंत. पाचवीचा वर्ग लासूर स्टेशनला होता, तिथं रोज पोरीला कोण पाठवणार, आणि वडिलांच्या सोनारीच्या शेगडीचा भाता ओढायला घरात मीच मोकळी होते. भाता ओढता ओढता जे शिकले ते पोटापाण्याला उपयोगी पडलं, शुद्धलेखनाला नाही. हे कुणी वाचणार नाही याची सोय मी केली आहे, कागद पिठाच्या डब्याखाली असतात आणि आमच्या घरात त्या डब्याला माझ्याशिवाय कुणाचा हात लागत नाही. तरी माफी मागून ठेवलेली बरी.

लिहायचं कारण असं की आमचे हे, म्हणजे माझे यजमान, हीच गोष्ट टपरीवर सांगतात आणि त्यांच्या सांगण्यात मी कुठंच नसते. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्याही नसतात. फक्त हे आणि रोमचा राजा. मला चार माणसांत तोंड उघडता येत नाही, म्हणून मी कागदावर उघडते आहे.

आमचा गाळा गुलमंडीच्या मागच्या एका बोळात आहे. पुढं हे गादीवर बसतात, मध्ये पडदा, आणि पडद्यामागं शेगडी, ऐरण आणि मी. पूर्वी मागं हे बसायचे. पण काही वर्षांपासून यांचा हात थरथरायला लागला. चहाचा कप बशीत वाजत वाजत यायचा, तशी हातोडी ऐरणीवर वाजायला लागली. मग आम्ही जागा बदलल्या. गिऱ्हाइकाला हे सांगायचे, कारागीर आत बसतो. त्यात खोटं काही नव्हतं, कारागीर आतच बसत होता. तो खोकला की हे पण पुढं जरासं खोकायचे.

काम मात्र राहिलं नव्हतं. चांदीच्या साखळ्या, पैंजण सगळं यंत्रावर तयार होऊन येतं. आमच्याकडं यायचं ते तुटलेलं जोडवं, साखळीचा निसटलेला फासा, नाही तर एखाद्या आजीची चेपलेली अत्तरदाणी. अशात एक दिवस क्रांती चौकाकडचे एक साहेब आले. बँकेतून निवृत्त झालेले. आजोबा निजामाच्या कचेरीत कारकून, वडील वकिलाकडं कारकून, साहेब स्वतः बँकेत. घराण्यात सगळ्यांनी दुसऱ्याचेच पैसे मोजले. म्हातारपणी स्वतःचे मोजावेत म्हणून ते जुनी नाणी जमवायला लागले असावेत. तीही अशी की कुठल्याच दुकानात चालणार नाहीत.

त्यांनी कागदाची पुडी सोडली आणि गादीवर एक वाकडं, काळं, बोटाच्या पेराएवढं नाणं ठेवलं. रोमचं, म्हणाले, दोन हजार वर्षांपूर्वीचं. तिकडून जहाजांनी इकडं आलेलं, मिरी न्यायला. पैठणच्या बाजूला कुण्या एकाच्या नांगराला लागून वाकलेलं. प्रदर्शनातून विकत घेतलं, पावती आहे, हेही त्यांनी लगेच सांगितलं, जसं काही हे पोलीसच आहेत. सरळ होईल का?

हे म्हणाले, "व्हतंय की. कारागीर हाय आत." मला विचारलं पण नाही.

पडद्यामागं मी ते हातात घेतलं तेव्हा पहिल्यांदा राजा पाहिला. बैलासारखी मान, पोपटासारखं नाक आणि डोक्याला पानांची मुंडावळी बांधलेली. भर लग्नातून पळून आलेल्या नवरदेवासारखा दिसत होता, आणि वाकल्यामुळं कुणी पाठीत गुद्दा घातल्यासारखा. मागच्या बाजूला एक बाई खुर्चीवर बसलेली, एका हातात काठी, एका हातात फांदी. तिचा चेहरा मला आवडला. आपल्या घरी कोण येतं-जातं यावर लक्ष ठेवणाऱ्या बाईचा होता.

जुनी चांदी सरळ करणं म्हणजे रुसलेल्या माणसाला उठवणं. ठोकायचं नाही. इतकी वर्षं मातीत राहून ती आतून कुरकुरीत झालेली असते, गार असताना वाकवली की बिस्किटासारखी मोडते. खापरावर ठेवायची, कोळशावर हळूहळू तापवायची, फुंकणीनं इतकंच फुंकायचं की डाळिंबाच्या फुलासारखा रंग दिसला न दिसला. त्यासाठी मी भरदुपारी शटर अर्धं ओढून घेते, उजेडात तो रंग कळत नाही. मग आपोआप गार होऊ द्यायची. मग सागाच्या दोन फळ्यांमध्ये चामडं घालून तिला शिकंज्यात धरायची आणि पेच थोडासा फिरवायचा. अगदी थोडासा. पुन्हा तापवायची. पहिला राजा ताठ बसायला दोन दिवस लागले.

साहेबांनी भिंग लावून पाहिलं. आच लागली तिथं रंग जरा बदललाय, ते चालेल, म्हणाले, वाकडं असण्यापेक्षा बरं. मजुरी न मागता हजार रुपये ठेवले. यांचा हात नोटा घेताना थरथरला, पण ते आनंदानं असावं. त्यानंतर ते महिन्याला एखादं-दुसरं वाकडं नाणं आणायला लागले. त्या पैशांवर गाळ्याचं भाडं निघायचं. खरं सांगायचं तर आमचं घर तेव्हा रोमचं सरकार चालवत होतं.

मग दिवाळी आली. साहेब पुण्याला लेकीकडं निघाले होते, जाता जाता एक डबी ठेवून गेले. तिच्यात तीन नाणी होती. एक वाकडं, सरळ करायचं. दोन मुळातच सरळ, ती नमुना म्हणून. त्यांच्यावर निळसर काळी झाक होती, मोराच्या मानेवर असते तशी. साहेबांनी यांना बजावून सांगितलं की कारागिराला दाखवा, हा रंग जपायचा असतो, याला हात लावायचा नसतो. यांनी ते मला सांगितलं. मी ते आत्याबाईंना सांगितलं नाही. सांगायचं काही कारण आहे असं वाटलंच नाही.

गाळा चार दिवस बंद, चोरीची भीती, म्हणून डबी मी हर्सूलला घरी आणली आणि कपाटात ठेवली. आता आमच्यात एक रीत आहे. लक्ष्मीपूजनाला घरात जेवढी चांदी असेल तेवढी पाटावर मांडायची. गिऱ्हाइकाची असली तरी तिला वगळायचं नाही. लक्ष्मी कुणाच्या नावावर आहे ते तिचं तिनं बघावं, उंबऱ्याच्या आत आली की ती पूजेला बसते. आणि पारोशी तर बसायचीच नाही. आंघोळ घालूनच पाटावर.

मी करंज्या तळत होते. आत्याबाईंनी कपाट उघडलं, डबी काढली आणि मोरीत पाट घेऊन बसल्या. चिंचेचा कोळ, चुलीची राख मिळत नाही म्हणून शेजारणीकडून आणलेली राख, नारळाची शेंडी. त्यांच्या हाताला जोर आहे. घरातला बाळकृष्ण त्यांनी घासून घासून असा केलाय की त्याला नाक कुठं होतं ते आता त्यालाच आठवत नसेल. तीच सेवा त्यांनी राजांची केली. मग दुधानं धुतलं, पाण्यानं धुतलं, कोरड्या फडक्यानं पुसलं. राजाची बाजू पाहून त्यांना तो पसंत पडला नाही. उलटं केलं तर बसलेली बाई दिसली, तेव्हा लक्ष्मीच ही, म्हणून त्यांनी हात जोडले.

आरतीला मी पदराला हात पुसत आले तर पाटावर तीन लक्ष्म्या, आरशासारख्या चकाकणाऱ्या, हळदीकुंकवानं माखलेल्या. साहेबांचं बजावणं मला आठवलं. पण आरती चालू होती, आणि आरतीच्या मध्ये मी आजवर कधी काही बोलले नाही. शिवाय एक गोष्ट लिहून टाकते, इथं कोण बघतंय. त्या फार सुंदर दिसत होत्या.

साहेब आले ते भाऊबीज झाल्यावर. योगायोगानं आत्याबाई त्या दिवशी गाळ्यावर आल्या होत्या, माझ्याशेजारी पडद्यामागं वाती वळत बसल्या होत्या. यांनी डबी पुढं केली. डबीचं झाकण वाजलं. मग साहेबांचा आवाज आला, अगदी बारीक.

"पॅटिना गेला."

आत्याबाईंनी वाती खाली ठेवल्या. मला दबक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं म्हनत्यात?"

मी काही सांगायच्या आत त्यांनी डोक्यावरून पदर घेतला आणि पडदा सारून बाहेर गेल्या. पडद्याच्या फटीतून मला दिसलं, साहेब गादीच्या कडेला डोकं धरून बसलेले. आत्याबाई त्यांच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या की देवाच्या मनात असतं तसं होतं, वय काय झालं होतं त्यांचं? साहेब म्हणाले, दोन हजार वर्षं. आत्याबाईंनी यांच्याकडं पाहिलं, की माणूस दुःखानं बडबडतोय.

पुढचा अर्धा तास मी आतून ऐकला. साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. ते समजावत राहिले. जुन्या चांदीवर जो काळेपणा धरतो तो तिची कातडी असते, तेच तिचं वय, तीच तिची किंमत. ती घासली की नाणं काल पाडल्यासारखं होतं आणि घेणारा तोंड फिरवतो. आत्याबाईंना हळूहळू कळलं की कुणी मेलेलं नाही, आणि मग त्यांना राग आला.

"दोन हजार वर्षं पारोसा व्हता त्यो," त्या म्हणाल्या. "म्या आंघुळ घातली तर माझं चुकलं व्हय? त्याच्या घरच्यांनी घालायला पायजे व्हती."

साहेबांनी शेवटी आकडा सांगितला. दोन चांगल्या नाण्यांची मिळून अठरा हजारांची किंमत उतरली होती. मागत नाही, म्हणाले, पण झालं ते सांगतो. आता 'मागत नाही' म्हटल्यावर आपणही हात जोडून गप्प बसावं. पण यांना गादीवर बसल्यावर अंगात येतं. यांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "देतो साहेब. पै न् पै देतो." तो हात छातीवर इतका थरथरत होता की साहेबांना वाटलं असेल, शपथेनं भारावलाय.

अठरा हजार आमच्याकडं कधीच एकदम नव्हते. संध्याकाळी यांनी हिशोब मांडला, आणि तो फार सोपा होता. गाळा सोडायचा. डिपॉझिट परत मिळेल, साहेबांचं देऊन वर काही उरेल. गाळ्याचे मालक एक म्हातारे चाचा, शेजारच्याच दुकानात गंजीफ्रॉक विकतात. त्यांनी मला बोळात गाठून आधीच विचारलं होतं. "भाभी, वो मोबाइल के कव्हरवाला छोकरा रोज आके पूछरा. तुम छोड़ते बोले तो हव बोलतूं, नहीं तो नको बोलतूं." चाचा भले, त्यांनी घाई केली नाही. पण दिवाळीनंतर त्या पोरानं येऊन गाळ्याची रुंदी मोजून नेली. माझी शेगडी आहे तिथं त्याला आरसा लावायचा होता.

गाळा गेला असता तर यांना टपरी होती, आत्याबाईंना देव होते. मला काय होतं? घरी शेगडी पेटवता येत नाही, आत्याबाईंना दमा आहे. जन्मभर मी कुणासमोर धड बोलले नाही, पण पडद्यामागं मला कुणी गप्प म्हणालं नाही, कारण तिथं बोलायचं कामच नव्हतं. तिथं चांदी माझं ऐकायची. ते मला सोडायचं नव्हतं. यांना तसं सांगायला गेले तर यांनी विचारलं की मग अठरा हजार तुझ्या बापानं ठेवलेत का. बापानं फुंकणी ठेवली होती. मी तीच पिशवीत घातली. का घातली ते माहीत नाही, धीर यायला असेल. आणि दुसऱ्या दिवशी साहेबांच्या घरी निघाले.

क्रांती चौकापर्यंत चालतच गेले. रिक्षानं लवकर पोहोचले असते, आणि मला लवकर पोहोचायचं नव्हतं. वाटेत तीनदा ठरवलं की आज नको. जिन्यावर चौथ्यांदा ठरवत होते तेवढ्यात साहेबांच्या मिसेसनी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला दार उघडलं, म्हणून जावं लागलं. साहेब बाहेर आले. मी पाटाखालच्या रांगोळीकडं पाहावं तशी फरशीकडं पाहत उभी. म्हणाले, बसा. मी बसले नाही. बसले असते तर बोलताच आलं नसतं.

वाटेत सगळं पाठ केलेलं, त्यातलं एकच वाक्य बाहेर आलं. "साहेब, काम मी करते. हे नाय."

साहेब म्हणाले, "ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, वहिनी. तुमचा पडदा खोकतो आणि बांगड्या वाजवतो."

एवढं होईस्तोवर आमचं दोघा नवरा-बायकोचं केवढं नाटक चाललेलं. मला हसू आलं आणि हसल्यावर पुढचं बोलता आलं. मी सांगितलं, पैसे रोख नाहीत, गाळा सोडला तर आहेत, पण गाळा सोडला तर तुमची नाणी सरळ कोण करणार? मजुरीतून निम्मे कापत चला, फिटेपर्यंत. साहेब बँकेतले. त्यांनी लगेच मान हलवली नाही. पुस्तकात बोट घालून ठेवावं तसं मिटलेल्या चष्म्यात बोट घालून विचार केला. मग म्हणाले की चालेल, पण तुमच्या हातून एखादं मोडलं तर त्याचे वर चढतील. मी म्हटलं, चढवा. त्यांनी व्याज लावलं नाही. बँकेतल्या माणसाला ते किती जड गेलं असेल.

परत आल्यावर यांना सांगितलं तर हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पैशांचं नव्हतं. बांगड्या वाजतात हे त्यांना कधी ऐकू आलं नव्हतं, त्याचं होतं. पण गाळा राहिला. चाचांनी कव्हरवाल्या पोराला सांगितलं, थोडा रुक.

मग सुरू झालं राजांचं येणं-जाणं. साहेबांची दर रविवारी कुणाच्या तरी घरी बैठक असते, सगळे असेच न चालणारे पैसे जमवणारे. एक डॉक्टर, एक प्राध्यापक, एक पेट्रोल पंपवाले. साहेब त्यांच्याकडची वाकडी नाणी गोळा करून आणायचे, शिंप्याकडं अल्टरचे कपडे आणावेत तसे. मला राजे ओळखू यायला लागले. एकाची हनुवटी पुढं, एकाला गळ्याखाली गलगंड, एक अगदी पोरगेला आणि रुसलेला. साहेब त्यांची नावं सांगायचे, ती मला लागायची नाहीत, मी त्यांना मानेवरून ओळखायचे. डॉक्टरांचा एक राजा तापवताना खापरावर थोडा तिरका झाला आणि त्याचं नाक अजूनच वर आलं. मी घाबरत परत दिला. डॉक्टर म्हणे खूश झाले, आता तो मूळचा वाटतो म्हणाले.

ती दोन घासलेली नाणी पुन्हा काळी करावीत असं साहेबांच्या मनात आलं. कुठंतरी त्यांनी वाचलं की उकडलेलं अंडं डबीत ठेवलं की त्याच्या वाफेनं चांदी काळी पडते. त्यांच्या घरात अंडं चढत नाही, मिसेसनी जिन्यातूनच परत पाठवलं. म्हणून ते खिशात अंडं घेऊन गाळ्यावर आले. मी डबीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी उघडलं तर राजे कढईच्या बुडासारखे. साहेबांनी पाहिलं, वास घेतला आणि म्हणाले, हे म्हणजे म्हाताऱ्यानं केस रंगवल्यासारखं झालं. पुन्हा पुसायला दिले. आत्याबाईंना कळलं की त्यांच्या लक्ष्मीला अंड्याजवळ ठेवलं होतं, तेव्हा त्यांनी माझ्या हातचं पाणी एक दिवस घेतलं नाही. त्या वर्षभर एकच म्हणत होत्या, की मी चूक केलेली नाही. कुणी काही म्हणालं नसतानाही म्हणायच्या.

कर्ज असं उतरत होतं की दिसत नव्हतं. आणि उन्हाळ्यात एक मोडलं. प्राध्यापकांचं होतं. त्याला आतून तडा होता, तो वरून दिसत नव्हता. शिकंज्यात पेच फिरवला आणि 'टक्' असा आवाज झाला, पापड मोडल्यासारखा. राजाचं डोकं एका फळीवर, खांदा दुसरीकडं. यांनी पडदा बाजूला करून पाहिलं आणि फेव्हिकॉल आणू का असं विचारलं. मी नको म्हटलं तर म्हणाले, लगेच नको म्हणू नको, मागून लावला तर कळत नाय.

सहा हजार वर चढले. म्हणजे अठराचे चोवीस झाले. तोवर दिलेले वजा केले तरी आम्ही जिथून निघालो जवळजवळ तिथंच परत येऊन बसलो होतो. कव्हरवाला पोरगा पुन्हा बोळात दिसायला लागला. हे म्हणाले, आता तरी सोड. मी म्हटलं, एक पावसाळा बघू.

साहेबांनी मात्र काम थांबवलं नाही. उलट एक दिवस स्वतः पडद्याच्या आत आले. पहिल्यांदाच. मी पदर सावरून उभी राहिले तर म्हणाले, बसा, तुमची शेगडी विझेल. त्यांच्या हातात एक घडी घातलेलं नाणं होतं, वाकलेलं नव्हे, विड्यासारखं दुमडलेलं. पेट्रोल पंपवाल्यांचं. कुणीतरी मागं कधीतरी खरी चांदी आहे का बघायला दातांनी वा पकडीनं दुमडलं असेल. घडीच्या आत काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. उघडलं तर पाच हजार मजुरी, आणि ती सगळी माझ्या खात्यातून वजा करू, निम्मी नाही. मोडलं तर?

मोडलं तर किती, ते साहेबांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. दोघांनाही माहीत होतं, तेवढ्यात गाळाच जाणार.

मी नाही म्हणणार होते. नाही म्हणायला तोंड उघडायला लागतं, तिथं माझी नेहमीची अडचण. नाणं माझ्या हातात राहिलं.

किती दुपारी त्यात गेल्या ते मोजलं नाही. शटर अर्धं खाली, शेगडी, आणि पावसाची ओल असल्यानं कोळसा नीट धरेना. घडीच्या मध्ये सागाची अशी पातळ पाचर घातली की ती तासायलाच एक दिवस गेला. तापवायचं, गार होऊ द्यायचं, पाचर केसभर आत. घाई करावीशी वाटली की मी उठून वाती वळायला बसायचे. हे पुढून विचारायचे, कुठवर आलं? मी म्हणायचे, ओठ हलले, अजून बोलत नाही. पुढं पुढं त्यांनी गिऱ्हाइकांनाही गप्प बसवायला सुरुवात केली. आत उघडतंय, असं हात तोंडावर ठेवून सांगायचे. लोकांना वाटायचं, आत बाळंतपण आहे.

ज्या दुपारी ते पुरतं उघडलं तेव्हा काठाला एक चीर गेली, राजाच्या मानेपर्यंत. अजून थोडी गेली असती तर दुसरं डोकं माझ्या नावावर लागलं असतं. पण ती थांबली. आणि घडीच्या आत, जिथं इतकी वर्षं ना माती लागली ना हात, तिथं ती खुर्चीवरची बाई होती. तिच्या पातळाची चुणी न् चुणी दिसत होती. पायाला चप्पल होती. इतके राजे हाताखालून गेले, तिच्या पायात चप्पल आहे हे मला तेव्हा कळलं.

मी यांना हाक मारली. हे आत आले, वाकून पाहिलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो थरथरत होता, त्यामुळं डोकं थोपटल्यासारखं झालं. टपरीवरच्या गोष्टीत हे नाणं यांनी उघडलेलं असतं. असू द्या.

पेट्रोल पंपवाल्यांना चिरेचं काही वाटलं नाही, आतल्या बाईवर ते लट्टू झाले. ती गोष्ट रविवारच्या बैठकीत फिरली आणि श्रावणात इतकी वाकडी नाणी आली की मला वाटलं, लोक मुद्दाम वाकवून पाठवतायत. पोळ्याच्या आसपास साहेबांनी सांगितलं, दोन हजार तीनशे राहिले.

तीनशे माझ्याकडं होते. दोन हजारांसाठी अजून चार राजे लागले असते, पण त्या आठवड्यात सगळे राजे नेमके सरळच होते. घरी मी हे नुसतं बोलले, मागितलं नाही. आत्याबाई देवापुढून उठल्या, आत गेल्या, आणि पातळाच्या घडीतून नोटा काढून माझ्यासमोर धरल्या. घड्या पडून पडून नोटा मऊ झालेल्या.

"ही भरपाई नाय," त्या म्हणाल्या. "म्या काय चूक केली नाय. लक्षुमीला आंघुळ म्या घातली, तिचा खर्च म्या देनार. तुझ्या राजाचं तू बघ."

मी घेतल्या. त्या म्हणाल्या, मी पण येते, दुसऱ्याच्या हातून पाठवलेला खर्च देवाला पोचत नाही.

मग आम्ही दोघी साहेबांकडं गेलो, या वेळी रिक्षानं, आत्याबाईंच्या गुडघ्यांमुळं. साहेबांच्या मिसेसनी चहा ठेवला. मी दोन हजार तीनशे टेबलावर ठेवले. साहेबांनी दोन हजार मोजले, सवयीनं दोनदा, आणि तीनशे माझ्याकडं सरकवले. म्हणाले, वहिनी, एवढे राहू द्या, वर्षभर पुष्कळ कष्ट घेतलेत.

मनातून त्यांना चांगलंच करायचं होतं. पण तीनशे राहिले म्हणजे ते राहतात. मी पुढच्या वर्षी मजुरी वाढवून मागायला गेले तर ते तीनशे आमच्या दोघांच्या मध्ये टेबलावर बसलेले असणार, चहा पीत. मी ते परत सरकवले. साहेबांनी पुन्हा माझ्याकडं सरकवले. आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. बोल की, असं ते पाहणं होतं, त्या स्वतः बोलू शकत असताना.

"घ्या साहेब," मी म्हटलं. "आणि फिटले म्हणा. तोंडानं म्हणा. मला ऐकायचंय."

साहेबांनी तीनशे उचलले, मोजले आणि दोन हजारांवर ठेवले.

"फिटले," ते म्हणाले. "पूर्ण फिटले."